वरची फळी

विमानाने जायचं की बोटीने, हा प्रश्न श्यामलाबाईंनी एका वाक्यात निकालात काढला होता. उद्यमनगरातल्या एका कारखान्याने त्यांच्या यजमानांना, नृसिंहरावांना, ओतकाम शिकायला वर्षभर इंग्लंडला पाठवायचं ठरवलं. मालक विमानाचं तिकीट द्यायलाही तयार होते. श्यामलाबाई मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. त्या म्हणाल्या, "समुद्रानं जा. तीन आठवडे लागू देत. निदान आज कुठं असाल ते मला नकाशावर बघता येईल." सासऱ्यांनी, म्हणजे आण्णांनी, त्यावर मान डोलावली. १९५२ च्या जानेवारीत बोट मुंबईहून सुटली.

एडनहून टाकलेलं पत्र बाराव्या दिवशी आलं. बोट हलते, जेवण बेचव आहे, खोकला जात नाही, असं सगळं नेहमीचं लिहून नृसिंहरावांनी शेवटी आनंदाने कळवलं होतं, की केबिनमध्ये झोपायच्या वरच्या फळीवर आपल्या कसबा बावड्याचा माणूस आहे. पिराजी चौगुले. गुऱ्हाळ चालवतो. जमलं तर त्याच्या घरी जाऊन खुशाली सांगावी.

रविवारी श्यामलाबाई पितळी डब्यात लाडू घेऊन टांग्याने बावड्याला गेल्या. आण्णांचे गुडघे धरले होते, ते टांग्यातच बसून राहिले. उसाच्या फडांमधून गुऱ्हाळाचा गोडसर धूर येत होता. पिराजी चौगुल्यांची बायको कुठं भेटेल, असं त्यांनी चुलाणाजवळच्या माणसाला विचारलं. त्याने रस ढवळणं न थांबवता सांगितलं, की ती घरात हाय, आणि पिराजी म्हणजे मीच.

श्यामलाबाईंना वाटलं, नावात घोटाळा झाला. दुसरा कुणी पिराजी चौगुले इथं आहे का, म्हणून त्यांनी विचारून पाहिलं. नव्हता. पत्रातली हकीकत सांगितली तेव्हा तो पन्नाशीचा माणूस हसला नाही. आपण पंचगंगेपलीकडं पाणी बघितलेलं नाही, एवढंच म्हणाला. पण त्याची बायको बयाबाई बाहेर आली आणि तिने वेगळंच सांगितलं. पंधरा दिवसांपासून याच्या पोटात भाकरी ठरत नव्हती. भुई हलते म्हणायचा. सपाट अंगणात भिंत धरून चालायचा.

निघताना पिराजी टांग्यापर्यंत आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "डोळा मिटला की एका फळीवर असतोय मी. खालच्या फळीवर एक साहेब हाईत. लई खोकत्यात."

घरी येऊन श्यामलाबाईंनी नकाशा उघडला. बोट सुएझच्या कालव्यातून बाहेर पडली असणार. आण्णांचं म्हणणं पडलं, की आजारी माणसाला काहीही भास होतात. मग पत्रातल्या माणसाचं काय, असं श्यामलाबाईंनी विचारलं, तेव्हा त्यांनी पत्र पुन्हा वाचायला घेतलं.

मंगळवारी दुसरं पत्र आलं, पोर्ट सैदचं. "काल पिराजी म्हणाला, तुमच्या मंडळी रविवारी आमच्याकडं येऊन गेल्या. पितळी डब्यात लाडू होते. म्हातारबा टांग्यातच बसून राहिले. मी हसलो." श्यामलाबाईंनी पत्रावरची तारीख पाहिली. त्या बावड्याला गेल्या त्याच्या पाच दिवस आधीची होती. पोस्टाचा शिक्काही तसाच होता. पुढं लिहिलं होतं, की केबिनमध्ये कोंडल्यासारखं होतं, म्हणून आपण बोटीच्या अगदी मागच्या कठड्याशी जाऊन उभे राहतो. पिराजीला ते आवडत नाही.

त्या अर्धी रजा टाकून एकट्याच बावड्याला गेल्या. बयाबाई पाण्याला गेली होती. पिराजी आंब्याखाली बसला होता, दोन्ही पंजे जमिनीवर घट्ट रोवून.

"साहेब ऐकत न्हाईत," तो आपणहून म्हणाला. "गुरवारी पाय घसरतोय त्यांचा."

"आज मंगळवार आहे."

"व्हय की."

भूगोलाची पुस्तकं, तारखा, शिक्के यांतलं काहीच श्यामलाबाईंच्या हाताशी लागेना. आपण काय बोलतो आहोत हे न कळून त्या म्हणाल्या, "मग तुम्ही धरा त्यांना."

पिराजीने रोवलेले पंजे जमिनीवरून उचलले.

"धरीन. पर त्यांस्नी धरलं तर मी तिकडंच ऱ्हातोय, बाई. मला उतराय गावायचं न्हाय."

याचा अर्थ विचारायला हवा होता. त्यांनी विचारला नाही.

"धरा," त्या म्हणाल्या.

गुरुवार गेला. रविवारी तार आली. सुखरूप पोचलो. आण्णांनी पेढे वाटले.

आठवड्याने पत्र आलं. गुरुवारी दुपारी बोट एकाएकी कलली. कठड्यावरून नृसिंहराव जवळजवळ बाहेर गेले होते. पिराजीने मागून कोटाची कॉलर धरली. कॉलरवर चिकट बोटं उमटली आहेत, धुऊनही जात नाहीत. उतरताना तो म्हणाला, तुम्ही व्हा म्होरं. नृसिंहराव धक्क्यावर दोन तास थांबले. शेवटी त्यांनी बोटीवरच्या कारकुनाला विचारलं. तो म्हणाला, तुमच्या केबिनमधली वरची फळी या फेरीत कुणाला दिलेलीच नव्हती.

श्यामलाबाई त्यानंतर बावड्याला गेल्या नाहीत. जायचं ठरवायच्या आणि वह्या तपासत बसायच्या.

फाल्गुनात आणखी एक पत्र आलं. थंडी, कारखाना, उकडलेले बटाटे. आणि जाता जाता एक ओळ. आमची ती बोट फार जुनी होती म्हणे. आमची फेरी तिची शेवटची. तिला आता मोडायला काढली आहे.

त्याच दुपारी बयाबाई दारात उभी राहिली. आत ये म्हटलं तरी उंबऱ्याशीच टेकली. नवऱ्याची उलटी थांबली होती, चालणंही सरळ झालं होतं. जेवतो, कामं करतो. पण हाक मारली की ओ उशिरा येते, असं ती म्हणाली. पलीकडच्या खोलीतनं यावी तशी. तिने जवळ बसून विचारलं तेव्हा त्याने एवढंच सांगितलं, की मी अजून बोटीवर हाय.

"बाई, तुमास्नी नकाशातलं कळतंय," ती म्हणाली. "ती बोट माघारी कवा येती?"

श्यामलाबाईंच्या हातात पत्र होतं. त्यांनी ते घडी करून पदराखाली घेतलं.

"येईल," त्या म्हणाल्या. "दोन महिन्यांत."

बयाबाईचा चेहरा सैलावला.

"मग बरं. कालपास्नं ह्ये म्हणाय लागल्यात, भाईरनं कोणतरी बोटीच्या भिंतीवर घण घालतंय. म्या म्हणलं, दार उघडत असतील."