राष्ट्राध्यक्षांच्या डेस्कवरचं नाक

"हे डेस्क त्यांचं नाहीच मुळी!" काचेच्या पेटीला नाक चिकटवून टिटवी किंचाळली.

"हळू! फादर ऐकतील ना!" कासव म्हणाला. तो सगळंच सावकाश करायचा, घाबरायचाही सावकाश.

टिटवी, कासव आणि भुंगा, शाळेत याच टोपणनावांनी ओळखली जाणारी ही तिघं भर सुट्टीत शाळेच्या सभागृहात कडमडली होती, कारण सुट्टीनंतर शाळाच उघडणार नव्हती. ती पाडून तिथे मॉल उभा राहणार होता. आता फक्त वारसा समितीचा होकार बाकी होता आणि समिती आजच यायची होती. टिटवीची आई शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची. मायलेकी स्वयंपाकघरामागच्या खोलीतच राहायच्या. शाळा गेली की घर जाणार, आईचं काम जाणार, आणि कासव नि भुंगा शहराच्या दोन टोकांच्या दोन शाळांत जाणार. आई कालपासून पातेली पोत्यात भरत होती. ते पाहून टिटवीला रडूच कोसळायचं.

भिंतीवर मोठ्या माजी विद्यार्थ्यांच्या तसबिरी होत्या: सेनापती, न्यायाधीश, शास्त्रज्ञ आणि मधोमध देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष. त्यांच्या तसबिरीखालीच, काचेच्या पेटीत, त्यांचं म्हणून ठेवलेलं हे डेस्क होतं. समितीला ते दाखवायचं आणि शाळा वाचवायची, असा टिटवीचा बेत होता.

"त्यांनी डेस्कवर गणिताच्या फादरांचं नाक कोरलं होतं, आणि छड्या खाल्ल्या होत्या!" ती म्हणाली. "दर संमेलनात हीच गोष्ट ऐकतो ना आपण? मग नाक कुठंय? हे तर आरशासारखं गुळगुळीत आहे!"

"शंभर वेळा बघितलं, पण लक्षातच नाही आलं!" भुंगा म्हणाला.

तिघांनी मुख्याध्यापक फादरांचं ऑफिस गाठलं. फादर खोक्यांच्या गराड्यात बसले होते.

"नाक? हां, ते! जुन्या फादरांना लाज वाटली म्हणे, पाहुण्यांसमोर धर्मगुरूचं नाक कसं ठेवायचं! म्हणून पेटीत दुसरं चांगलंसं डेस्क ठेवून दिलं. खऱ्याचं लाकूड चॅपेलच्या बाकांना लागलं असेल. जा बाळांनो, खेळा."

"खेळा म्हणे!" बाहेर येताच टिटवी फणफणली.

"ए, थांबा!" भुंगा एकदम ओरडला. "चॅपेलमध्ये शेवटच्या बाकाला गुडघे टेकायची फळी आहे ना, तिला गोल भोक आहे! प्रार्थनेत माझा गुडघा नेमका त्यातच रुततो!"

"डेस्कमधलं शाईची दौत ठेवायचं भोक!" टिटवीने उडीच मारली. "पळा!"

चॅपेलपाशी टेम्पो उभा होता. बाकं भंगारात विकली गेली होती आणि मुकादम ती भरून घेत होता. शेवटचं बाक तेवढं आत उरलं होतं.

"हात लावायचा नाही!" तो खेकसला. "विकलेला माल आहे!"

टिटवीने भुंग्याला डोळा मारला. भुंगा गुपचूप बाकामागे सरकला, त्याने ओठ मिटले आणि सुरू केलं, "गूंऽऽऽऽ!" उगाच नव्हतं त्याला भुंगा म्हणत!

"बाप रे! काका, गांधीलमाश्या!" कासव ओरडला. या खेपेला तो अजिबात सावकाश नव्हता. "पोळं आहे बाकाखाली!"

मुकादमाने डोक्यावर गमछा घेतला आणि धूम ठोकली. टिटवीने आईचं उलथनं आणून फटीत खुपसलं. कर्रकन आवाज झाला, फळी सुटली. तिघांनी ती उलटी केली.

नाक! चांगलं लांबलचक, शेंड्यावर मोठ्ठा चामखीळ असलेलं! आणि खाली राष्ट्राध्यक्षांची आद्याक्षरं!

"वाचली! शाळा वाचली!" भुंगा नाचायला लागला.

फळी डोक्यावर घेऊन वरात सभागृहात पोचली तेव्हा समितीच्या अध्यक्षबाई काचेच्या पेटीसमोरच उभ्या होत्या. टिटवीने एका दमात सगळं सांगून टाकलं. बाईंनी चष्मा लावला, नाकावरून बोट फिरवलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"शाब्बास! जे आम्हाला जमलं नाही ते तुम्ही केलंत!" त्यांनी टिटवीला जवळ घेतलं. फादरांनी पाठ थोपटली, कोणीतरी फोटो काढला.

मग बाई समितीकडे वळल्या. "पेटीतलं डेस्क खरं नाही हा आपला संशय बरोबर निघाला; आपण अडून बसलो होतो ते या खऱ्या डेस्कसाठीच. हे म्युझियममध्ये नेऊ या. देशाचा वारसा आता सुरक्षित आहे, तेव्हा इमारत पाडायला आपली हरकत राहिली नाही." आणि त्यांनी सही केली.

टिटवीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने फळी घट्ट धरली. "पण बाई, आम्ही तर शाळेसाठी शोधलं!"

"माहीत आहे गं," बाई हळूच म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, पण सही झाली होती. "म्युझियममध्ये बघायला या हं तिघंही. तुमचंही नाव लावू खाली, या शाळेचे विद्यार्थी म्हणून."

"कुठल्या शाळेचे?" टिटवीने विचारलं.

फळी कापडात गुंडाळून गाडीत गेली. कासव आणि भुंगा फाटकापर्यंत एकत्र चालले आणि मग आपापल्या घराच्या रस्त्याला लागले. टिटवी मागच्या खोलीत आली. आईने पोत्याचं एक टोक तिच्याकडे सरकवलं. टिटवीने ते धरलं आणि आईने सुतळी बांधली.