एक तास चाळीस मिनिटे

थॉम्पसन ते विनिपेग, हवाई अंतर साडेसहाशे किलोमीटर, वेळ एक तास चाळीस मिनिटे. आर्मानला हे पाठ होतं. दोन आठवडे उत्तरेकडे थॉम्पसनच्या खाणीत, दोन आठवडे विनिपेगला घरी, असं सहा वर्षं चाललं होतं. विमानात बसलं की पट्टा आवळायचा, टोपी डोळ्यांवर ओढायची आणि झोपायचं, हा खाणकामगारांचा रिवाजच. बारा-बारा तासांच्या पाळ्यांनी अंग आंबून गेलेलं असे. जागा राहणारा माणूस त्यांना वेडा वाटे.

पहिल्यांदा खटकली ती दाढी. धूळ रोखणारा मुखवटा तोंडावर घट्ट बसावा म्हणून खाणीत रोज गुळगुळीत दाढी करावीच लागे. त्या सकाळीही त्याने केली होती. दुपारी घरी पोचला, तर आठ वर्षांच्या कोलेटने गाल मागे घेतला.

"बाबा, टोचतंय. आंघोळ तरी करतोस का तिकडे?"

पुढच्या खेपेला सकाळी बांधून घेतलेलं सँडविच त्याने विनिपेगला उतरल्यावर उघडलं. पावाला हिरवी बुरशी आली होती. त्यानंतरच्या खेपेला नखं वाढलेली. आणि शीण तर सुट्टीतही उतरेना. कोलेट शाळेतल्या गमती सांगत असताना त्याचा डोळा लागे. ती गुपचूप उठून जाई. सगळी ढोरमेहनत जिच्यासाठी, तीच हातून निसटत होती, आणि त्याला स्वतःची लाज वाटे.

"वॉली, हे विमान जास्त वेळ घेतंय असं नाही वाटत तुला?" त्याने शेजारच्या सोबत्याला विचारलं.

"घड्याळ बघ की. मिनिटाला मिनिट बरोबर आहे. म्हातारा झालास लेका, झोप आता."

त्या खेपेला आर्मान झोपला नाही.

खाली वाटेतलं विनिपेगचं अफाट तळं आलं, करडं आणि सपाट. हवाई सुंदरीने कॉफी दिली. ती संपली. तळं होतंच. दुसरी कॉफी संपली, सातवी संपली. खिडकीतलं ऊन त्याच्या गुडघ्यावर होतं तिथेच होतं. वॉली घोरत होता आणि त्याच्या गालावर खुंट दिसू लागले होते.

कॉफ्या मोजायचं आर्मानने कधीतरी सोडून दिलं.

"अजून किती?"

"आलंच," हवाई सुंदरी म्हणाली. तिचा आवाज फार थकलेला होता. "तुम्ही झोपायला हवं होतं. झोपलेल्यांना कमी वेळ लागतो."

तळं संपत नव्हतं.

मग चाकं टेकली. माणसं जांभया देत उठली.

"पाच मिनिटं आधीच," वॉली म्हणाला.

वॉलीने त्याला गाडीने घरापर्यंत सोडलं. बरं झालं, नाहीतर आर्मानचं वळण चुकलं असतं.

दारातून एक मुलगी धावत आली आणि कमरेला बिलगली.

"बाबा, आज किती लवकर आलास."

त्याने तिच्या केसांवरून हात फिरवला. ही आपली मुलगी, एवढं त्याला नक्की ठाऊक होतं. तिला नावाने हाक मारायला त्याने तोंड उघडलं, आणि तो तसाच उभा राहिला.