एका शब्दाचा विग्रह

एका माणसाच्या आत दोन माणसे राहू शकतात का, आणि राहत असतील तर रविवारच्या बसने त्यांतला कोण येणार, हा प्रश्न कृत्तिकाने तीन दिवस कुणालाच विचारला नव्हता.

येणार होता तिचा श्रीरंगमामा. मिरजेच्या एका कारखान्यात तो तंबोऱ्यांच्या तारा जुळवीत असे. चार महिन्यांपूर्वी तो आजारी पडला आणि पुण्याला एका रुग्णालयात दाखल झाला. आता सावरून तो कृत्तिकाच्याच घरी राहायला येणार होता, आणि कृत्तिका म्हणाली होती, "नको."

"तू भीत असशील, तर त्याची सोय वसतिगृहात करते," आई हळूच म्हणाली. "शुक्रवारपर्यंत सांग. त्याला कळवायला हवं."

भीती एका शब्दातून आली होती. रुग्णालयाच्या पत्रात तिने तो वाचला : छिन्नमनस्कता. शाळेत नुकतेच समास शिकवले होते. तिने वहीत ‘छिन्नमनस्क’चा विग्रह केला : छिन्न आहे मन ज्याचे असा तो, बहुव्रीही. छिन्न म्हणजे तुटलेले. तुटलेल्याचे निदान दोन तुकडे असणारच. मग मामाही दोन झाले असतील. एक तिला खांद्यावर बसवणारा, दुसरा कोण?

शुक्रवारी ती अक्काआजीकडे गेली. अक्काआजी म्हणजे आईची मावशी. शब्दांचा मेंदूवर काय परिणाम होतो, याचा ती आयुष्यभर अभ्यास करीत आली होती. तिच्या प्रयोगशाळेचे दार गुणगुण्या नावाच्या यंत्रमानवाने उघडले.

"शब्द सांगा," तो म्हणाला. "शिव्या चालणार नाहीत. मागच्या आठवड्यात एका शाळेची सहल येऊन गेलीय."

समोर प्रतिध्वनिपट होता (एखादा शब्द ऐकताच लोकांच्या मनात दुसरे कोणते शब्द जागे होतात, ते दाखवणारा पडदा). कृत्तिका आधी म्हणाली, "दमा." पडद्यावर शब्द उमलले : पंप, धूळ, थंडी, आजोबा. मग तिने तो दुसरा शब्द उच्चारला, जेमतेम ऐकू येईल असा. पडदा काळवंडला. दोन माणसे. सुरी. कुलूप. पळा.

"यात माझा मामा कुठे आहे?"

गुणगुण्या बराच वेळ शोधत राहिला. "नाही सापडला," तो म्हणाला.

अक्काआजीने तिला जवळ बसवले आणि वही पाहिली. "विग्रह अगदी बरोबर आहे गं. पण आजार चुकला. या आजारात एका माणसाची दोन माणसं होत नाहीत. विचार, भावना आणि कान-डोळ्यांनी आणलेल्या बातम्या यांचा मेळ बिघडतो. कुणी बोलत नसताना आवाज ऐकू येतात, तो भास. नसलेल्या गोष्टीची पक्की खात्री वाटते, तो भ्रम."

"मग असं नाव ठेवलंच कुणी?"

"शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच्या डॉक्टरांनी. विचारांची वीण उसवली, असं त्यांना म्हणायचं होतं. लोकांनी ऐकलं, माणूस दुभंगला. नाव आजाराला दिलं आणि चिकटलं माणसाला. यालाच कलंक म्हणतात (आजारामुळे माणसावरच बसणारा शिक्का). जपानमध्ये रुग्णांच्या घरच्यांनी मागणी केली, तेव्हा २००२ साली तिथल्या डॉक्टरांनी हे नाव बदललं. मग रुग्णाला त्याचा आजार स्पष्ट सांगणं त्यांना सोपं जाऊ लागलं. कोरियाने तर तारा जुळवण्यावरून नवं नाव घेतलं."

"तारा?" कृत्तिका एकदम ताठ बसली. "मग आपणही नाव बदलू या. संपलं!"

"घाई बघा," गुणगुण्या पुटपुटला.

अक्काआजी हसली. "मी एक प्रयोग केला होता. एकाच माणसाचं वर्णन मुलांच्या तीन गटांना दिलं आणि म्हटलं, हा येणार आहे, तुमची खुर्ची मांडा. पहिल्या गटाला जुनं नाव सांगितलं. खुर्च्या त्याच्या खुर्चीपासून सात फुटांवर. दुसऱ्याला नवं नाव, पाच फुटांवर. तिसऱ्या गटाला नाव सांगितलं जुनंच, पण त्या माणसाशी अर्धा तास गप्पा मारू दिल्या. दोन फूट! चांगल्या नावाने दार किलकिलं होतं, बाळ. पण आत कुणी गेलंच नाही, तर नव्या नावावरही तीच धूळ बसते."

मग कृत्तिकाने तिथूनच मामाला फोन लावला.

"मामा, तुला आवाज यायचे?"

"यायचे गं."

"काय म्हणायचे?"

"माझी उणीदुणी काढायचे. तुझ्या आईसारखे. पण तुझी आई निदान जेवायला तरी वाढते."

ती हसली. "आता?"

"आता क्वचित. आले तरी ते आजाराचे आहेत, एवढं ओळखता येतं. शिकायला वेळ लागला."

कृत्तिका थक्क झाली. तारेतला केसाएवढा फरक ज्याला कळतो, त्या माणसाला त्याच्याच कानांनी फसवले होते. आणि तो खरे आवाज कोणते, हे पहिल्यापासून शिकत बसला होता. एवढे धीराचे काम तिने कुणाला करताना पाहिले नव्हते.

"रविवारी मी स्टँडवर येते," ती म्हणाली.

रविवारी चालकाविना धावणारी बस आली. मामा उतरला, थोडा वाळलेला, थोडा संकोचलेला. घराच्या फाटकाशीच शेजारच्या बिराजदारकाकू भेटल्या. "काय हो श्रीरंग, होतात कुठे इतके दिवस?"

"बंगलोरला काम…" फाटकात आलेल्या आईने ठरवून ठेवलेले उत्तर सुरू केले. मामाने कृत्तिकाकडे पाहिले. तिने त्याचा हात घट्ट धरला.

"आजारी होतो, काकू," तो म्हणाला. "मनाचा आजार. औषध चालू आहे."

काकू थबकल्या.

"बरं," काकू म्हणाल्या. "मग पथ्य काय सांगितलंय?"

"वेळेवर गोळी. भरपूर झोप."

"आमच्या ह्यांना शुगरसाठी तेच सांगितलंय. त्यातली झोप तेवढी न चुकता पाळतात."

मामा मोठ्याने हसला. फाटक उघडेच राहिले. आणि कृत्तिकाला वाटले, या गल्लीत तरी त्या आजाराला आज सुरी-कुलपाऐवजी गोळी-झोप असा पहिला चांगला शेजार मिळाला. हळूहळू आणखी मिळतील.