बोलस का?

अभिमन हिलाल बोरसे, वय वर्षे बावीस पूर्ण, राहणार जामनेर, धुळ्याच्या एका कला महाविद्यालयातील अंतिम वर्षाचा विद्यार्थी, एकोणनव्वद सालच्या फाल्गुनात दोंडाईच्याला एस.टी.तून उतरला, तेव्हा त्याच्या मनात लावून ठेवलेली भट्टी उघडण्यापलीकडे दुसरा विचार नव्हता.

महाविद्यालयाची भट्टी लहान होती. अभिमनला मात्र माणसाहून मोठ्या मूर्ती घडवायच्या होत्या. म्हणून त्याने गावाबाहेर नाल्याकाठी राहणाऱ्या रुपचंद कुंभाराचे अंगण गाठले होते. पहिली मूर्ती त्याने ओल अंगात असतानाच भट्टीला लावली. तिचे डोके फुटून घराच्या कौलांवर जाऊन पडले. दुसरीचे बूड जाड आणि मान पातळ राहिली. ती मानेत तडकली. "या वर्षी निकाल लागला नाही, तर आडतीवर येऊन बसायचे," असे वडिलांनी जामनेरहून बजावले होते, आणि हिलाल बोरसे यांचा शब्द फिरत नसे.

तिसऱ्या मूर्तीला त्याने घाई केली नाही. मातीत भुसा मळला, मातीच्या लांब वळीवर वळी चढवली, सगळीकडे सारखी जाडी राखली, ओल्या गोणपाटाखाली तिला सावकाश सुकू दिले. कच्ची असताना तिला जागची हलवणे शक्य नव्हते. म्हणून रुपचंदने तिच्याभोवतीच विटांची भट्टी रचली आणि कपाशीच्या पऱ्हाट्यांचा आधी मंद धूर, मग जाळ दिला. गुडघे मुडपून बसलेली ती एक म्हातारी होती. चेहरा रुपचंदची आई झुंबरबाई हिचा. तोंड अर्धवट उघडे, कारण आतली वाफ निघायला कोठून तरी वाट हवीच होती.

"मन्हं तोंड इतलं मोठं करू नको रे भाऊ," झुंबरबाई हसून म्हणाली होती, "मन्ही बकरी भ्याई जाई."

तिच्या बकरीचे नाव चिंगी. झुंबरबाईने "ये वं चिंगी!" अशी हाक द्यावी आणि चिंगीने नाल्यापलीकडून धावत यावे, हा त्या अंगणाचा रोजचा परिपाठ.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडे मडके घेताना गिऱ्हाईक त्यावर बोटाचे पेर वाजवते आणि विचारते, "बोलस का?" खणखणले तर पक्के; बद्द वाजले तर तडा गेलेले. आता खान्देशी बोलीत 'बोलस' हे एकच रूप 'ते बोलते', 'तू बोलतेस' आणि 'मी बोलते' या तिन्ही अर्थांना चालते. गिऱ्हाईक मडक्याविषयी विचारते की मडक्यालाच विचारते, हे शब्दावरून कळत नाही. मडक्याच्या बाबतीत त्याने काही बिघडतही नाही.

"मडकाले इचार," झुंबरबाईने अभिमनला ताकीद दिली होती. "मडकाले तोंड शे, तोंडवळा नही. ज्याले तोंडवळा शे, तेले नको इचारू."

"उत्तर दिले तर बरेच की, अक्का! परीक्षकांना सगळे तीच समजावून सांगेल."

म्हातारी हसली नाही. "उत्तर तं देईच, भाऊ… पन बोलाले आवाज कोना लेई?"

अभिमन पोहोचला त्या दुपारी रुपचंदने भट्टीच्या वरच्या विटा उतरवल्या आणि मूर्ती धुळ्याला न्यायला ट्रक बोलवायला तो गावात गेला. मूर्ती अखंड होती. तांबूस अंगावर राखेचा पातळ थर, जळलेल्या भुशाचा उग्र वास, आणि जवळ गेले की अंगावर येणारी धग. अभिमनचे डोळे भरून आले. तेवढ्यात त्याला कानामागे केसाएवढी रेघ दिसली.

रेघ वरवरची असेल, तर काळजी नव्हती. आरपार असेल, तर धुळ्याच्या रस्त्यावर पहिल्याच खड्ड्यात मान जाणार होती, आणि परीक्षक उद्या येणार होते. बाहेर झुंबरबाई बकरीला हाका मारत होती. अभिमनने मूर्तीच्या गळ्यावर बोटाचे पेर वाजवले, आणि त्या अंगणात शंभरदा ऐकलेला शब्द त्याच्या तोंडून सवयीने निघून गेला.

"बोलस का?"

खणकन नाद उठला. स्वच्छ, पक्का नाद. तो विरायला हवा होता, विरला नाही. विटांच्या अर्ध्या भिंतींत तो घुमत राहिला, बारीक होत गेला, आणि मूर्तीच्या अर्धवट उघड्या तोंडातून शब्द आला.

"बोलस."

बाहेर "ये वं चिं…" एवढ्यावर हाक तुटली.

अभिमन धावत बाहेर आला. झुंबरबाई अंगणात उभी होती. एक हात गळ्यावर, तोंड उघडत होते, मिटत होते, आवाज नव्हता. चिंगी नाल्याच्या अलीकडच्या काठाशी येऊन थबकली होती. मग त्याच्या पाठीमागून, विटांच्या आतून, अगदी झुंबरबाईच्याच स्वरात लाडिक हाक आली.

"ये वं चिंगी…"

बकरीने कान पाडले. ती पाऊल पाऊल मागे सरकली आणि नाला ओलांडून पलीकडे जाऊन उभी राहिली.

रुपचंद ट्रकमधून उतरला. आईकडे पाहताच त्याचा चेहरा उतरला. "इचारं का तू तिले?" अभिमनने मान खाली घातली. रुपचंदने कोपऱ्यातला हातोडा त्याच्या हाती दिला. "फोडी टाक, भाऊ. जेन्ही घडाई, तेलेच फोडनी पडस."

अभिमन मूर्तीसमोर उभा राहिला. सबंध वर्षाचे श्रम त्याच्यापुढे बसले होते. ट्रकवाल्याने भोंगा वाजवला.

"नको फोडू रे भाऊ…" मूर्ती हळूच म्हणाली. "आठे, आतमा गारवा शे…"

धगीने त्याच्या कपाळावर घाम दाटला होता. गारवा? हातोडा उचललेला त्याचा हात पुन्हा खाली आला. तेव्हा झुंबरबाई पुढे झाली. तिने त्याचे मनगट धरले आणि हातोडा स्वतःच्याच मातीच्या तोंडासमोर नेला. तिचे डोळे विनवत होते.

त्याने घाव घातला.

खापऱ्यांचा खच पडला. राख उडाली, बसली. मग झुंबरबाईने मोठा श्वास घेतला, आणि तिच्या गळ्यातून आवाज फुटला. स्वच्छ, पक्का, खणखणीत.

"बोलस," ती म्हणाली.

तिला कोणीही काही विचारले नव्हते.

अभिमन त्या वर्षी अनुत्तीर्ण झाला आणि जामनेरला आडतीवर बसला. रुपचंद आता गिऱ्हाइकाला वाजवू न देता मडकी विकतो. झुंबरबाई पूर्ववत बोलू लागली. किंबहुना पूर्वीपेक्षा पुष्कळच अधिक बोलते. चिंगी मात्र तिच्या हाकेला येत नाही. हाक ऐकली की ती कान पाडते, पाऊल पाऊल मागे सरकते, आणि नाल्यापलीकडे जाऊन उभी राहते.