मागीलदाराचा वारा

खांद्याने मागीलदार ढकलून दमयंती आत पाऊल टाकणार, तोच घरात किंकाळी फुटली!

"वयनी, मागं व्हा...! पुन्हा मारलीत मला!" डावा गाल धरून निशिगंधा खाली कोसळली होती.

दमयंती थिजली. डोक्यावर लाकडांचा भारा, दोन्ही हात त्या भाऱ्याला... मग मारलं कोणी?

धाकट्या जावेच्या गालात अशी वीज वर्षभर कडाडत होती. दोन दाढा काढल्या, तरी थांबेना. आणि नेमकी दमयंती मागीलदाराने आली की हमखास! शेवटी दीर विनोदने देवीला कौल लावला, घरातल्याच कोणाचं काही आहे का म्हणून विचारलं, आणि मूर्तीला चिकटवलेल्या कळ्यांपैकी होकाराची उजवी कळी टपकन पडली. नवराबायको सोडून घरात होतं कोण? एकटी, विधवा दमयंती!

जिला लेकीसारखं जपलं, तिचा जीव वाचत असेल तर घर सोडणं काय मोठं... दमयंती बागेतल्या मांगरात, राखणीच्या खोपटात, राहायला गेली. तिथे भलतंच सुरू झालं. तिचा उजवा तळवा आपोआप झणझणे, आणि पाठोपाठ घराकडून किंकाळी येई! 'आई गं, खरंच माझ्याच हातात काही शिरलंय?' ती तो हात पदरात बांधून बसे.

वयनी गेल्या तरी दुखणं हटेना, तेव्हा विनोदने बायकोला मुंबईला नेलं. किंकाळ्या थांबल्या. तळवा मात्र झणझणतच राहिला.

महिन्याने निशिगंधा मांगराच्या दारात उभी राहिली. कानामागचे केस कापलेले, तिथे टाक्यांचा वण.

"वयनी, तुमचं काय नव्हतं गो!" ती हुंदके देत म्हणाली. "डोक्यात आत एक रक्ताची नळी गालाच्या नसेवर टेकलेली. दार उघडलं की वारा गालाला लागायचा, नि कळ उठायची. डॉक्टरांनी मधी मऊ तुकडा ठेवलान... आणि मी तुम्हाला घराबाहेर काढलंय!"

निशिगंधा तिला ओढतच मागीलदाराशी घेऊन आली, स्वतः आत जाऊन डावा गाल दाराकडे करून उभी राहिली.

"तुम्हीच उघडा."

दमयंतीने हाताला बांधलेला पदर सोडला, दार ढकललं. वारा भसकन आत शिरला, निशिगंधाचे केस उडाले... आणि घर शांतच राहिलं.

दमयंतीचा तळवा अजून झणझणत होता. तिने भीतभीत तो त्या गालावर ठेवला.

"दुखतंय काय गो?"

"नाय वयनी," निशिगंधाने तो हात तिथेच घट्ट दाबून धरला. "थंडगार लागतोय."