वर न आलेलं पेडल

कंदील जरा बारीक करा. बास, एवढाच. श्रीमंत, तू अलीकडे सरक, दाराकडे पाठ करून बसू नकोस. ही गोष्ट माझी नाही, गहिनीनाथ मिस्त्रीची आहे. मधला भाग त्यानं मला एकदाच सांगितला, बाकीचं मी डोळ्यांनी पाहिलं. पटली तर ऐका. नाही पटली तर घरी जाऊन झोपा, मला काही त्याचं वाईट वाटणार नाही.

गहिनीनाथचं गॅरेज सुप्याला, पारनेर फाट्याजवळ. गॅरेज म्हणजे चार पत्रे, गाडीखाली उतरायचा एक खड्डा आणि पुढं लिंबाचं झाड. त्याला लागून माझं सायकलचं दुकान. माणूस हाताचा पक्का होता, पण डोक्यानं हेकट. एकदा नाही म्हणाला की मग कलेक्टर येऊन उभा राहिला तरी नाहीच.

एकाहत्तर सालच्या खंडेनवमीला तो सकाळीच पारनेरला जाऊन झेंडू आणि नारळ घेऊन आला. दुपारी आम्ही दोघांनी त्याची हत्यारं रॉकेलनं धुतली. पाने, पकडी, हातोडे सगळे पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिलं. त्याच्या उस्तादाची शिकवण अशी, की नवमीला हत्यार पाटावर बसलं की दसऱ्याचं शिलंगण होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. वर्षभर ते आपल्यासाठी राबतं, एक दिवस त्याला बसू द्यायचं. पाळायचे तसे सगळेच, पण गहिनीनाथचा कारभार अंमळ जास्त. त्या दिवशी त्याची बायको मनकर्णा घरातली सांडशीसुद्धा वापरायची नाही. बिचारी चहाचं पातेलं फडक्यानं उतरवायची आणि बोटं भाजून घ्यायची.

रात्री अकराला पाच कमी असताना पुण्याकडून एक गाडी आली. वेळ मला नक्की आठवते, कारण मी दुकानाच्या फळ्या लावून घड्याळाला चावी देत होतो. गाडी लाल, बुटकी, दोनच माणसांची, वर कापडाचा टप. विलायती. तसली गाडी सुप्यात कुणी पाहिली नव्हती. आतून अठ्ठावीस-तीसचा एक जण उतरला. नाव नृसिंह, नगरच्या विष्णुपंत मास्तरांचा मुलगा. क्लचचं पेडल दाबलं की खाली जातं आणि वर येत नाही, असं त्यानं सांगितलं. शिरूरपासून तो पायाचा चवडा खालून घालून ते वर ओढत आला होता.

गहिनीनाथनं आत वाकून बॅटरी मारली. पेडल मागं ओढणारी स्प्रिंग तुटली होती. एवढंच. त्याच्या डब्यात तशी स्प्रिंग निघाली असती आणि काम होतं पाव तासाचं. पण स्प्रिंग ताणून आकड्यात अडकवायला पक्कड लागते. पक्कड पाटावर होती.

तो म्हणाला, उद्या शिलंगण झाल्यावर बघू.

नृसिंहनं मग खिशातून एक पोस्टकार्ड काढलं. वडिलांनी लावून दिलेली शाळेतली नोकरी सोडून तो मुंबईला गेला होता, गाड्यांच्या खरेदी-विक्रीत पडला होता. त्यावरून भांडण झालं. त्या गाडीतून माझ्या दारात उतरू नकोस, असं विष्णुपंत म्हणाले होते, आणि तीन वर्षं बापलेकांत बोलणं नव्हतं. आता आठ दिवसांपूर्वी हे कार्ड आलं होतं. दोनच ओळी. नवमीच्या रात्री ये, गाडी घेऊनच ये. मी ओट्यावर बसतो.

"ते खरंच बसले असतील," नृसिंह म्हणाला. "आज पोचलो नाही, तर ते समजतील मी मुद्दामच आलो नाही. पुन्हा कार्ड टाकणाऱ्यातले ते नाहीत."

मला त्याची फार दया आली. मी गहिनीनाथला दोनदा म्हणालोही, अरे, हत्यारं रागावणार नाहीत. तो ऐकेना. शेवटी नृसिंह स्वतःच पाटाकडे गेला, म्हणाला, मी उचलतो, पाप लागलं तर मला लागू दे. पकडीवर त्याचा हात पडणार एवढ्यात गहिनीनाथनं त्याचं मनगट धरलं. घट्ट धरलं.

"सायेब, हात लावू नगा. ह्ये मोडायचं न्हाई."

मग उपाय म्हणून त्यानं जाड सुतळी तिपदरी पिळली आणि पेडलाला बांधून दिली. गाठ त्याची स्वतःची, उस्तादाकडून घेतलेली. तीन वेढे आणि टोक उलटं आत. ती गाठ पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाला येत नव्हती, मला तर कधी जमलीच नाही. पायानं पेडल दाबायचं, गियर टाकायचा आणि डाव्या हातानं सुतळी ओढून पेडल वर घ्यायचं, असं त्यानं समजावलं. हळू जा, म्हणाला. नृसिंहनं मान हलवली. खट् करून पेडल खाली गेल्याचा आवाज आला, मग सुतळी करकरली आणि गाडी गेली.

पहाटे एक ट्रकवाला सांगत आला. कामरगावच्या पुढच्या उताराला गाडी बाभळीत घुसली होती. वळणावर तो सुतळी ओढायला खाली वाकला असणार. आम्ही दोघं गेलो. पेडलाचा दांडाच मोडला होता आणि सुतळी गाठीसकट सुटून त्याच्या डाव्या हातात राहिली होती. हाताला चार वेढे आवळलेले. बोटं काही केल्या उघडेनात. संध्याकाळी नगरला अग्नी दिला तेव्हा ती तशीच हातात होती. वरून शाल टाकलेली, त्यामुळं विष्णुपंतांना ती दिसली नाही. त्यांना कुणी सांगितलंही नाही. मी शेवटपर्यंत तिथं उभा होतो, ती जळताना मी पाहिली आहे. हे लक्षात ठेवा.

त्यानंतर गहिनीनाथ एका जागी बसेना. हातातलं काम सोडून रस्त्यावर जाऊन उभा राहायचा. दारात ट्रक थांबला, ड्रायव्हरनं क्लच दाबला, की ह्याचा श्वास अडकायचा आणि पेडल वर आल्याचा आवाज झाला की सुटायचा. मनकर्णा मला म्हणाली, भावजी, ह्ये झोपेत डावा पाय दाबत्यात, रातभर. विष्णुपंतांना जाऊन सांगावं, असं त्याला रोज वाटायचं. रोज निघायचा आणि एस.टी.च्या थांब्यावरून परत यायचा. पुण्याला जुन्या बाजारात चार खेपा घालून त्यानं नेमकी त्या गाडीची स्प्रिंग शोधून आणली. ती खिळ्याला टांगून ठेवली. कशाला आणलीस, म्हणून मी विचारलं, तर उठून रस्त्यावर गेला.

बहात्तरची खंडेनवमी आली. ते दुष्काळाचं साल तुम्हाला सांगायला नको. झेंडू कसला, लिंबालासुद्धा पाला उरला नव्हता. हत्यारं धुतली, पाटावर मांडली, नुसतं हळदकुंकू वाहिलं. मी घरी गेलो. गहिनीनाथ गॅरेजमध्येच बाजेवर आडवा झाला. ह्यापुढचं त्यानं सांगितलेलं.

झोप नव्हतीच. चंद्र पश्चिमेला उतरला होता. फाट्यावरची कुत्री भुंकत होती, ती एकदम गप्प झाली. मग पुण्याकडून आवाज आला. तो आवाज त्यानं एकदाच ऐकला होता, पण मिस्त्री माणूस इंजिनचा आवाज विसरत नाही. त्यानं घड्याळ पाहिलं. अकराला पाच कमी.

आवाज जवळ आला. उजेड मात्र नाही.

लिंबाखाली येऊन थांबला. पेट्रोलचा वास आला. झाडाखाली काही दिसत नव्हतं. नुसता काळोख, बाकीच्या काळोखापेक्षा दाट.

मग...

खट्.

पेडल खाली गेलं. गहिनीनाथ वाट पाहत राहिला. वर आल्याचा आवाज येईना.

पुन्हा... खट्.

पुन्हा नाही.

हाक नाही, पाऊल नाही. नुसती वाट पाहणं. तिकडून आणि इकडून.

किती वेळ गेला त्याला कळलं नाही. शेवटी तो उठला. पाटासमोर हात जोडले. उस्तादाचं नाव घेतलं. आणि पक्कड उचलली. बोटांना कुंकू लागलं. खिळ्यावरची स्प्रिंग घेतली.

"सायेब," तो काळोखात म्हणाला, "आत्ता करतो."



लिंबाखाली गुडघे टेकले. हात पुढं केला. दिसत काहीच नव्हतं. हाताला लोखंड लागलं. गार. सुतळीही लागली. तीन वेढे, टोक आत. त्यानं ती गाठीसकट सरकवून काढली. एक आकडा अडकवला. दुसरा ताणला. पक्कड घसरली. पुन्हा ताणला...

तेवढ्यात कुणीतरी त्याचं मनगट धरलं.

घट्ट.

गेल्या नवमीला त्यानं धरलं होतं, तसंच.

तो हलला नाही. ओढलं नाही. हात गार होता, लोखंडापेक्षा गार. मनात एकच आलं, हा मला आता नेणार, आणि त्याचं बरोबर आहे.

बराच वेळ...

मग पकड सुटली.

आकडा बसला.

खट्. पेडल खाली.

टक्. वर.

आवाज नगरच्या दिशेनं गेला. गाडी बाभळीत घुसली होती त्या वळणापर्यंत ऐकू आला, वळणाच्या पुढंही आला.

सकाळी मी आलो तेव्हा तो लिंबाखाली बसला होता. पक्कड मांडीवर. सगळं ऐकून मी म्हणालो, स्वप्न पडलं असेल, झोपेत उठला असशील. खिळ्यावर स्प्रिंग नव्हती. म्हटलं, भ्रमात कुठं फेकली असेल. आम्ही आवार धुंडाळलं, सापडली नाही. पण त्या सकाळी एक झालं. तो एस.टी.च्या थांब्यावरून परत फिरला नाही. मी बरोबर गेलो.

विष्णुपंत ओट्यावर बसले होते. अंगात कोट, शेजारी ताटलीत आपट्याची पानं. नवमीची रात्र त्यांनी आदल्या वर्षीसारखीच बसून काढली होती. गहिनीनाथ पायरीशी उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं. पाट सांगितला, पक्कड सांगितली, मनगट धरलेलं सांगितलं, सुतळी सांगितली. रात्रीचं मात्र सांगितलं नाही. ते सांगायचं धाडस त्याला झालं नाही, मलाही नाही.

विष्णुपंतांचा हात ताटलीवर होता. मग त्यांनी पानं बाजूला केली आणि खालून एक वस्तू काढून ओट्यावर ठेवली.

"बाराच्या सुमारास माझा जरा डोळा लागला," ते म्हणाले. "जाग आली तेव्हा ही इथं होती. मला वाटलं, आळीतल्या पोरांनी टाकली असेल. मिस्त्री, ही गाठ तुमची का?"

जाड सुतळी. तिपदरी. तीन वेढे आणि टोक उलटं आत.

गहिनीनाथनं नुसती मान हलवली आणि तो पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला. विष्णुपंतांनी खाली येऊन त्याच्या हातात आपट्याचं पान ठेवलं.

"गाडी घेऊनच ये म्हणालो होतो," ते म्हणाले. "आला म्हणायचा."

मी सुतळी उचलून उजेडात धरली. तेलानं काळी झाली होती, मधे चार वेढ्यांच्या घड्या पडल्या होत्या. पण एकही पदर जळालेला नव्हता.