तीन हिसके

माझं काम काय ते आमच्या गावी, सापगावात सांगितलं की लोक हसतात. मुंबईच्या एका हॉस्पिटलात काळजाच्या रक्तवाहिनीत कॅमेरा घालतात, तिथे मी डॉक्टरांच्या हाताखाली आहे. कॅमेरा म्हणजे काचेच्या तंतूंची बारीक तार. मांडीतून आत सरकवायची, सलाईनच्या पिचकारीने रक्त बाजूला सारायचं, की सात-आठ सेकंद टीव्हीवर आतली भिंत दिसते. गुठळी लाल की पांढरी ते मी वहीत लिहायचो. तारेचं बाहेरचं टोकही मीच धरायचो. आता यात भुताखेताला जागा कुठे आहे, सांगा.

१९९८च्या मार्चमध्ये भगीरथकाका आले. डोळखांबकडच्या पाड्यावरचे, जन्मभर विहिरी खोदलेले. गुठळीने काळजाची नळी अर्धी अडवली होती.

टेबलावरून त्यांनी विचारलं, "सापगावचा ना रे तू? टोक तुझ्या हातात हाय?"

"हो, काका."

"मंग हिसका आला त जबाब दे."

आमच्याकडे विहीर खोदतानाचा रिवाजच आहे. खालच्याने दोराला तीन हिसके दिले, म्हणजे मला वर घ्या. वरच्याने आधी एक हिसका परत द्यायचा, म्हणजे खालच्याला कळतं की वर माणूस आहे. म्हातारा औषधाच्या गुंगीत बोलतोय असं समजून मी मान हलवली.

पिचकारी मारली. पडद्यावर गोल, ओली, पिवळट भिंत आली आणि तळाशी गडद लाल गुठळी. विहिरीत वाकून बघावं तसं. गुठळीचा एक धागा हलला आणि तारेला चिकटला.

माझ्या बोटांना हिसका बसला. मग दुसरा, तिसरा.

काळजाचे ठोके असतील म्हणून मी मॉनिटर पाहिला. हिसके दोन ठोक्यांच्या मधे येत होते.

"आला ना?" काका हळूच म्हणाले. "जबाब दे रे."

आत हिसका दिला तर नळी फाटेल, माणूस मरेल. डॉक्टर म्हणाले, काढ. मी तार काढली.

गुठळी औषधाने विरघळली. मे महिन्यात मी पाड्यावर गेलो, तर काका चांगले ठणठणीत. ओट्यावर बसून त्यांनी सांगितलं, एकोणीस वर्षांपूर्वी त्यांचा भाऊ पंढरी विहिरीत होता आणि दरड कोसळली.

"तीन हिसके आले. मी दोर सोडून पळालो. तवापासून हिथं ओढायचा." त्यांनी छातीवर हात ठेवला. "आता नाय. लई हलकं वाटतंय."

"मग गेला कुठे?"

काका माझ्या हाताकडे बघत राहिले.

त्याच आठवड्यात मला हिसके सुरू झाले. छातीत, डावीकडे, आतून.

सात वर्षं. रोज तीन. मी जबाब कुठून देणार? दोराचं टोक माझ्या हातात नव्हतं. किती घाबरलोय हे घरी कधी बोललो नाही.

परवा छाती तपासून घ्यायला त्याच टेबलावर मी आडवा झालो. टोक धरायला मुरबाडची दिपाली होती, नवी, हुशार पोरगी. तिला सांगायला हवं होतं. काकांनी मला निदान सांगितलं तरी होतं.

मी मान वळवली आणि तार आत जाऊ दिली.

तार बाहेर आली आणि एकदम हलकं वाटलं. सात वर्षांत पहिल्यांदा.

दिपालीने तार गुंडाळली, बोटं झटकली आणि मॉनिटरकडे पाहिलं.

मग एक हात हळूच छातीवर ठेवला.